कर्नल बदलला आणि चित्र गेलं

कर्नल अपडेट झाला, मशीन रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन काळीच राहिली, की बहुतेक जण पॉवरचं बटण दाबून धरतात. पुन्हा चालू, पुन्हा काळी स्क्रीन, पुन्हा बटण. असं दोन-तीनदा झालं की कुणीतरी म्हणतंच, ‘सर, उडालं वाटतं. फॉरमॅट मारू या का?’ लॅब सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न ऐकलेला असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे : मशीन उडालेलं नाही, आत्ता काही पुसू नका, आधी ते काय सांगतंय ते वाचू.

शेजारच्या मशीनवरून एसएसएचने आत शिरलं की हे पटतं. फाइली जागच्या जागी असतात, नेटवर्क चालू असतं, सगळ्या सेवा उठलेल्या असतात. गेलेलं असतं ते फक्त चित्र. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबलं तर बऱ्याचदा त्याच काळ्या स्क्रीनवर लॉगिनची साधी पांढरी अक्षरं येतात. ती दिसली की माझं अर्धं काम झालेलं असतं, कारण आता मशीनशी बोलता येतं.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या लॅबची यंत्रणा बघतो. मशिन्सवर लिनक्स आहे आणि बऱ्याच मशिन्समध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, कारण मुलं तिथे ब्लेंडरवर काम करतात, इमेज प्रोसेसिंग करतात, न्यूरल नेटवर्कला शिकवत बसतात. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांचे दिवस असले की रात्री कुलूप लावेपर्यंत लॅब भरलेली असते. अशा लॅबमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर बंद पडणं म्हणजे कुणाचा तरी आठवडा वाया जाणं. म्हणून या विषयाकडे मी निव्वळ तांत्रिक कटकट म्हणून कधीच बघू शकलो नाही.

काळी स्क्रीन निदान दिसते तरी. त्याहून अवघड असतो तो लपलेला बिघाड. एका सकाळी एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, काल संध्याकाळपर्यंत हे मॉडेल नीट फिरत होतं. आज माउस हलवला की ते थांबून थांबून हलतंय.’ डेस्कटॉप आलेला होता, विंडो उघडत होत्या, काही बिघडल्याची सूचना कुठेही नव्हती. फक्त अक्षरं थोडी मोठी आणि बोथट दिसत होती, आणि पंखा जोरात फिरत होता. सेटिंग्जमध्ये मशीनची माहिती असते त्या पानावर गेलो. ‘ग्राफिक्स’ या शब्दासमोर एरवी कार्डाचं नाव असतं. तिथे लिहिलं होतं ‘एलएलव्हीएमपाइप’.

ही एक ओळ ज्याला ओळखता येते त्याचा पुष्कळ वेळ वाचतो. एलएलव्हीएमपाइप म्हणजे ग्राफिक्स कार्डाची मदत न घेता, सगळं चित्र प्रोसेसरकडून काढून घेणारी सोय. कार्ड उपलब्ध नसेल तर निदान डेस्कटॉप तरी दिसावा, यासाठी ती ठेवलेली असते. म्हणजे महागडं कार्ड पेटीत नुसतं बसून होतं आणि प्रोसेसर बिचारा लाखो ठिपके स्वतः रंगवत होता. मग टर्मिनल उघडून ‘यूनेम -आर’ दिलं. चालू कर्नल नवा होता, ६.१.०-१८. ‘डीकेएमएस स्टेटस’ दिलं. ड्रायव्हर ‘इन्स्टॉल्ड’ असल्याची ओळ एकच होती, आणि ती ६.१.०-१७ या जुन्या कर्नलच्या नावाची होती. नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर तयारच झाला नव्हता.

इथे थोडं खोलात जायला हवं, कारण सगळ्या दुखण्याचं मूळ इथेच आहे. लिनक्समधले बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडाचाच भाग असतात. नवा कर्नल आला की ते त्याच्याबरोबरच बांधून येतात. काही ड्रायव्हर मात्र बाहेर राहतात, कारण ते बनवणाऱ्या कंपनीने त्यांचा कोड पूर्ण खुला केलेला नसतो. अशा ड्रायव्हरचं मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावं लागतं, जसं शिंप्याला प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळं माप घ्यावं लागतं. ते माप कर्नलच्या हेडर फाइलींमध्ये असतं. डीकेएमएस ही व्यवस्था डेल कंपनीत २००३ च्या सुमारास तयार झाली. नवा कर्नल बसला की हेडर फाइली शोधायच्या, त्यांवरून मॉड्यूल बांधायचं आणि योग्य जागी ठेवायचं, हे काम ती परस्पर करते. आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणूनच ती अडली की माणूस गोंधळतो. आजवर आपोआप होत असलेली गोष्ट मुळात होत होती, हेच त्याला माहीत नसतं.

त्या दिवशी ती का अडली होती? डीकेएमएस प्रत्येक प्रयत्नाची नोंद ‘मेक डॉट लॉग’ नावाच्या फाइलीत ठेवते. फाइल लांबलचक असते आणि बघूनच छाती दडपते, पण ती वाचण्यावाचून इलाज नाही. फाइलींमागून फाइली विनातक्रार बांधल्या गेल्या होत्या. कंपायलरची एकही तक्रार नव्हती. अगदी शेवटच्या टप्प्यावर, मॉड्यूलला कर्नलमधली कोणकोणती फंक्शन्स लागतात याची तपासणी होते तिथे, काम थांबलं होतं. संदेशाचा अर्थ असा, की जीपीएल परवान्याशी न जुळणारं हे मॉड्यूल, फक्त जीपीएल मॉड्यूल्ससाठी राखलेलं ‘आरसीयू रीड लॉक’ वापरतंय.

ही गोष्ट आमच्या लॅबपुरती नव्हती. १० फेब्रुवारी २०२४ रोजी डेबियनची १२.५ ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत ६.१.७६ हा कर्नल आला; आमच्या मशीनवरचा ६.१.०-१८ तोच. ज्यांच्याकडे आमच्यासारखं एनव्हिडियाचं कार्ड आणि त्याचा बंद ड्रायव्हर होता, अशा जगभरच्या डेबियन वापरणाऱ्यांना हाच संदेश दिसला. कारण मला आजही विलक्षण वाटतं. कर्नलमध्ये ‘पीएफएन व्हॅलिड’ नावाचं एक छोटं फंक्शन आहे. मेमरीचा अमुक तुकडा खरोखर अस्तित्वात आहे का, एवढंच ते सांगतं. चालू मशीनमधून मेमरीचा भाग काढला जात असताना या फंक्शनकडून चुकीच्या जागी हात पडू शकतो, असं लक्षात आलं. म्हणून त्यात एक कुलूप घालण्यात आलं. दुरुस्ती योग्य होती, आवश्यक होती. पण हे फंक्शन हेडर फाइलीतच लिहिलेलं आहे. त्यामुळे जो ड्रायव्हर ते वापरतो त्याच्या पोटात ते जसंच्या तसं उतरतं, आणि त्याच्याबरोबर ते कुलूपही. डेबियनच्या कर्नलची रचना अशी की ते कुलूप फक्त जीपीएल मॉड्यूल्ससाठी खुलं होतं. ड्रायव्हरच्या कोडात एक अक्षरही बदललेलं नव्हतं. तरी तो एका रात्रीत परवान्याच्या रेषेपलीकडे गेला.

यात कुणा एकाला दोषी धरण्यात मला अर्थ दिसत नाही. मेमरीतली चूक दुरुस्त करणाऱ्याने ग्राफिक्स कार्डाचा विचार करावा, अशी अपेक्षा कशी करणार? बाहेरचा ड्रायव्हर त्याच्या समोर नव्हताच.

उपाय साधा होता. मशीन रीस्टार्ट केलं, बूट होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुना ६.१.०-१७ कर्नल निवडला. स्क्रीन पूर्ण तेजाने उजळली, सेटिंग्जमध्ये कार्डाचं नाव आलं. विद्यार्थिनीने मॉडेल फिरवून बघितलं, मान हलवली आणि कामाला लागली. सुधारित ड्रायव्हर पॅकेज डेबियनकडून लवकरच आलं. ते येईपर्यंत लॅब जुन्या कर्नलवर चालली. पॅकेज व्यवस्थेत मात्र अर्धवट राहिलेलं काम होतं. ड्रायव्हर बांधला न गेल्यामुळे नव्या कर्नलचं पॅकेजही ‘अर्धं बसलेलं’ म्हणून अडकलं होतं, आणि त्यापुढे साधा संपादक बसवायला गेलं तरी लाल अक्षरात तीच तक्रार येत होती. या लाल अक्षरांना घाबरून मुलं सगळं पुसायला निघतात. पण तक्रार एकच असते. मूळ कारण दूर झालं की ‘डीपीकेजी’ला राहिलेलं काम पूर्ण करायला सांगायचं, आणि सगळ्या तक्रारी एकदम मिटतात.

त्याच सुमारास उबुंटू २२.०४ वर वरवर अगदी असंच दिसणारं, पण आतून पूर्ण वेगळं प्रकरण झालं. तिथे नव्या हार्डवेअरसाठी दिला जाणारा ६.५ कर्नल आला. तो जीसीसी १२ या कंपायलरने बांधलेला होता, आणि २२.०४ मध्ये मुळात असतो जीसीसी ११. कर्नलसाठी वापरलेला एक पर्याय जीसीसी १२ मध्येच प्रथम आलेला. मॉड्यूल बांधताना डीकेएमएसने तोच पर्याय जुन्या कंपायलरला दिला आणि कंपायलरने ‘हा पर्याय मला माहीत नाही’ म्हणून काम थांबवलं. जीसीसी १२ चं पॅकेज बसवलं, ड्रायव्हर पुन्हा बांधायला लावला, संपलं. लक्षणं तशीच, एलएलव्हीएमपाइपही तसाच, आणि उपाय मात्र पार वेगळा. एका प्रकरणाचा उपाय दुसऱ्याला लावला असता तर काहीच हाती लागलं नसतं.

तिसरा प्रकार लॅपटॉपवर जास्त दिसतो. मॉड्यूल व्यवस्थित बांधलेलं असतं, जागेवरही असतं, पण कर्नल ते आत घेत नाही. हाताने घालायला गेलं तर उत्तर येतं, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. सिक्युअर बूट चालू असतं आणि मॉड्यूलवर ओळखीची सही नसते. मग आपल्या मशीनवर तयार केलेली किल्ली मशीनच्या फर्मवेअरकडे नोंदवावी लागते. आमच्या विभागातल्या एका प्राध्यापक मॅडमना हे मी फोनवरून करायला लावलं. ‘मॅडम, रीस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येईल. ती आली की लगेच कुठलीही कळ दाबा, ती दहाच सेकंद थांबते.’ पहिल्या खेपेला त्या चष्मा शोधत होत्या तोवर निळी स्क्रीन येऊन गेली आणि नोंदणी राहिली. दुसऱ्या खेपेला त्या कळफलकावर बोट ठेवूनच बसल्या. ‘एनरोल’ निवडलं, किल्लीच्या नोंदणीसाठी आधी ठरवलेला पासवर्ड दिला, आणि ड्रायव्हर आत आला. पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांचा ठेवावा, कारण त्या निळ्या स्क्रीनवर आपल्या नेहमीच्या कळफलकाची मांडणी नसते.

ही सगळी यातायात बघून विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : सर, कर्नलवाले कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यातली जोडणी एकदाची कायमची ठरवून का टाकत नाहीत? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कर्नलच्या मूळ कोडासोबत असलेल्या कागदपत्रांतच ठेवलेलं आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिहिलेल्या टिपणात त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे, की कर्नलच्या आतली जोडणी कायम एकसारखी राहणार नाही आणि तशी ती राहू नये. आत बदल करण्याची मोकळीक हवी, चुकीची रचना सापडली तर ती उखडून टाकता यायला हवी. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आग्रहाने पाळलेलं वचन वेगळंच आहे. कर्नलच्या बाहेर चालणारा प्रोग्रॅम नव्या कर्नलमुळे बंद पडता कामा नये. कित्येक वर्षांपूर्वी बांधलेला साधा प्रोग्रॅम आजच्या कर्नलवर चालतो तो या वचनामुळे. ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो, त्याला हे वचन लागू नाही.

सुरुवातीला मला हा हट्ट वाटायचा. आता वाटत नाही. ज्याचा ड्रायव्हर मूळ कोडात आहे त्याला या धोरणाचा फायदाच होतो. आतली एखादी जोडणी बदलणारा माणूस ती वापरणारे सगळे ड्रायव्हर स्वतःच सुधारतो, नाहीतर त्याचा बदल स्वीकारलाच जात नाही. एएमडीच्या कार्डांसाठीचा ‘एएमडीजीपीयू’ हा ड्रायव्हर २०१५ साली ४.२ या कर्नलसोबत मूळ कोडात आला. अशी कार्डं असलेली आमची मशिन्स कर्नल अपडेटनंतर माझ्याकडे क्वचितच येतात. आणि एक नवा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येत असतो, हे लक्षात घेतलं तर यामुळे किती श्रम वाचतात ते कळेल.

मूळ कोडातल्या ड्रायव्हरलाही बाधा होते, हे सांगायला हवं. २०२२ च्या सप्टेंबरअखेर ५.१९.१२ हा कर्नल आला आणि काही इंटेल लॅपटॉपांच्या स्क्रीन पांढऱ्या लखलखू लागल्या. पॅनेलला चुकीच्या वेळेला वीज मिळत होती आणि त्याने पॅनेल कायमचं खराब होण्याचीही भीती होती. पण कोड सगळ्यांसमोर होता. इंटेलच्या अभियंत्याने कारण शोधलं, तो बदल मागे घेतला गेला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ५.१९.१३ आला. बिघाड दोन्हीकडे होतात. दुरुस्ती कोण आणि किती लवकर करू शकतो, यात फरक पडतो.

बंद ड्रायव्हरच्या बाबतीत लोकांनी स्वस्थ बसून वाट पाहिली असंही नाही. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी नुवो हा खुला ड्रायव्हर स्वयंसेवकांनी कंपनीच्या माहितीपत्रकांशिवाय, कार्ड कसं वागतं ते बघून बघून लिहिला. २०१० साली २.६.३३ या कर्नलसोबत तो सर्वांच्या हाती आला. पुढच्या पिढ्यांच्या कार्डांनी कंपनीची सही असलेलं फर्मवेअर मागायला सुरुवात केली आणि या लोकांना कार्डाचा वेगच वाढवता येईना. टोरवाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात या कंपनीवर जाहीरपणे काढलेला राग पुष्कळांना आठवत असेल. मला त्या रागापेक्षा मे २०२२ जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या महिन्यात एनव्हिडियाने ट्युरिंग आणि त्यानंतरच्या कार्डांसाठी आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. वरचा भाग अजून बंद आहे, आणि हा खुला भागही कर्नलच्या मूळ कोडात नाही, तो अजून वेगळाच बांधावा लागतो. तरी परवान्याच्या रेषेवर अडखळणं त्याने टळतं. एवढ्यासाठी बारा वर्षं लागली, आणि त्या काळात नुवोवर राबलेल्या माणसांचं ऋण आपण फार कमी वेळा मान्य करतो.

लॅबमध्ये मी आता काही गोष्टी कसोशीने पाळतो. नवा कर्नल आधी एका मशीनवर जातो, तिथे कुणीतरी दोन दिवस ब्लेंडर चालवतं, मग इतरांवर. सबमिशनच्या आठवड्यात कर्नलला हात नाही. कर्नलच्या पॅकेजबरोबर हेडरचं पॅकेजही आपोआप येतंय ना, हे बघून ठेवतो, कारण ते नसेल तर डीकेएमएसला बांधायला आधारच नसतो आणि पुष्कळदा दुखणं एवढंच असतं. बूटच्या वेगळ्या पार्टिशनवर जागा शिल्लक आहे का, हेही. चालत असलेला जुना कर्नल कधीच काढत नाही. काही जण कर्नल कायमचा गोठवून ठेवण्याचा सल्ला देतात. मला तो अजिबात मान्य नाही. शेकडो मुलं जिथे लॉगिन करतात तिथे सुरक्षेच्या दुरुस्त्या महिनोन् महिने अडवून ठेवणं बेजबाबदारपणाचं आहे. सुधारित ड्रायव्हर येईपर्यंत काही दिवस थांबवा, त्याहून जास्त नको.

मुलांना मी कमांड पाठ करायला सांगत नाही. मागच्या बूटची नोंद ‘जर्नलसीटीएल’मध्ये कशी बघायची, कार्डासाठी कर्नल कुठला ड्रायव्हर वापरतोय ते ‘एलएसपीसीआय -के’ने कसं कळतं, लांबलचक लॉगमध्ये पहिली चूक कशी हुडकायची, एवढं दाखवतो. ज्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी ती ओळ शोधली, तो पुढच्या वेळी फॉरमॅटची भाषा करत नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाने, मी रजेवर असताना, तीन मशिन्स जुन्या कर्नलवर आणून ठेवली आणि प्रत्येकाच्या मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली : ‘हेडर नव्हते. बसवले. नवा कर्नल उद्या बघू.’ ती चिठ्ठी वाचून मला फार बरं वाटलं.

शेवटी एक विनंती, खरेदीचे निर्णय घेणाऱ्यांना. शाळेसाठी, कॉलेजसाठी, ऑफिससाठी किंवा घरासाठी लिनक्सचं मशीन घेणार असाल, तर कोटेशनमध्ये प्रोसेसर आणि रॅमच्या शेजारी हेही विचारा, की ग्राफिक्सचा ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडात आहे का. तुमचं काम बंद ड्रायव्हरच्या कार्डावाचून अडणारं असेल, तर ते जरूर घ्या, पण त्याची देखभाल कोण करणार ते आधीच ठरवा. पैसे देण्यापूर्वी लाइव्ह यूएसबीवरून लिनक्स चालू करा आणि ‘एलएसपीसीआय -के’ देऊन कार्डासमोर कुठल्या ड्रायव्हरचं नाव येतं ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. दुकानदार तेवढं करू देत नसेल, तर दुसऱ्या दुकानात जा.